चाल कोणाची

ते खोटं बोलायला मला दोन सेकंद लागले असतील. समोर चहाचा कप होता, आठ-दहा माणसं होती, आणि प्रश्न अगदी सोपा होता. उत्तरही सोपं होतं. मी दुसरंच दिलं.

आमच्या घराला लागून माझी गिरण आहे. एक पिठाची चक्की आणि एक मसाला कांडायचा डंख. उन्हाळ्यात डंखाला उसंत नसते. आजूबाजूच्या वाड्यांतल्या बायका मिरच्या, धणे, खडे मसाले भाजून डबे भरून आणतात आणि आपला मसाला दुसरीच्या मसाल्यात मिसळू नये म्हणून उखळापाशी पहारा देत उभ्या राहतात. शिंका, खोकला, गप्पा आणि डंखाची धडधड, यात माझा दिवस जातो. संध्याकाळी अंघोळ केल्यावरसुद्धा केसांतून मिरचीचा खकाणा जात नाही. शिवाय मी आमच्या वाडीच्या महिला भजन मंडळाची बुवा आहे. बाई असले तरी शब्द बुवाच. पेटी मी वाजवते, पुढचं मी म्हणते, मागचं बाकीच्या ओढतात.

माझे धाकटे दीर मुंबईला लिफ्ट दुरुस्त करायचे. लग्न केलं नाही. गुडघा निकामी झाल्यावर गावी आले ते एक ट्रंक, हत्यारांची पिशवी आणि एक गिटार घेऊन. गिटार तरुणपणी घेतलेली. चाळीतल्या एका मित्राने त्यांना तिच्यावर एक इंग्रजी गाणं शिकवलं होतं. गाणंसुद्धा नव्हे, त्या गाण्याच्या सुरुवातीला आणि मधूनमधून गिटारवर येणारा एक तुकडा. मित्र पुढे परदेशी गेला, गाणं तिथेच राहिलं. भावोजींना तेवढा तुकडा येत होता आणि तेवढाच ते वाजवत.

रोज जेवणाआधी, पडवीत बसून. जाड तारांवर खालचे पाच-सहा सूर, मग एक थांबा, मग पुन्हा तेच. पहिले काही महिने माझं डोकं उठलं. आमच्याकडे चाल म्हणजे कुठेतरी जाणारी गोष्ट. खालून सुरू होते, वर चढते, तिथे जरा रेंगाळते, मग घरी येते. ही चाल उंबऱ्यातून बाहेरच पडत नव्हती. मसाल्याला आलेल्या बायका मला हसून विचारायच्या, "वयनी, तुमच्या दिराची कॅसेट अडाकली काय गो?" मीही हसायचे. घरातल्या माणसाला बाहेरचे हसले की आपणही थोडं हसून घ्यावं, म्हणजे आपण त्यात धरले जात नाही. तेव्हा मला हे व्यवहारी वाटायचं.

एकदा मी न राहवून विचारलंच. "भावोजी, ह्यां पुढे खंय जाता काय?"

"ह्याका पुढे जावचा नसता, वयनी," ते म्हणाले. "ह्याका परत येवचा असता."

त्याच वर्षी मे महिन्यात डंख बिघडला. मसाला कांडणारे दांडे एका लयीत पडेनात. मालवणातून मिस्त्री बोलवायचा तर दोन दिवस, आणि दारात डब्यांची रांग. भावोजी गुडघ्याला पट्टा बांधून खाली बसले आणि तासाभरात त्यांनी तो लावून दिला. मग चालू करून कान देऊन ऐकत राहिले. मी म्हटलं, "झाला काय?"

"वयनी, ह्यो दांडो बघा. पडता तेवा आवाज येता. पण तुमी वाट कधी बघतास? वर जाता तेवा. वर जावन वायच थांबता ना, थंय खरी मजा. माझ्या त्या तुकड्यात पण तसाच आसा. सूर संपतत, मगे एक रिकामी जागा. थंय गिटार गप. पण ऐकणाऱ्याचो पाय थंयच पडता."

आणि त्यांनी फरशीवर टाच आपटून दाखवली. डंखाचा दांडा वर असताना.

त्यानंतर मी तो तुकडा वेगळ्या कानांनी ऐकू लागले. भाकरी थापताना माझा हात त्या ठेक्यावर जायला लागला. मला गोड गाण्यांचं फारसं कौतुक नाही. भजनातसुद्धा बायका डोळे मिटून माना हलवायला लागल्या की मी लय वाढवते. या तुकड्यात गोडवा नव्हता, रडारड नव्हती. चांगल्या बिजागरीसारखा होता. एक सूर काढला तर दार निखळेल, एक घातला तर अडकेल. दहा वेळा ऐकल्यावर कंटाळा यायचा आणि विसाव्या वेळेला जायचा. मग तो थांबला की घर मोकळं मोकळं वाटायचं. कोणी बनवला असेल, का बनवला असेल, मला माहीत नव्हतं. पण ज्याने बनवला त्याला कुठे थांबायचं ते कळत होतं, एवढं मला पेटी वाजवणारी म्हणून समजत होतं.

जूनमध्ये गिरणीचं काम उतरलं तेव्हा मी तो पेटीवर बसवायला घेतला. भावोजी शेजारी स्टुलावर बसून चुका सांगायचे. पेटीवर तो तितका दणकट वाजत नाही, पण खालच्या पट्टीत धरला तर जमतो. त्यावर देवाचं नाम बसलं. एखादं झाकण डब्याला बरोबर लागावं तसं बसलं.

श्रावणात आमच्या देवळात सप्ताह असतो. सात दिवस, रात्रंदिवस, समईभोवती फिरत, टाळ्या-झांजांवर नामाचा गजर. नाम खंडता कामा नये. एका गटाची वेळ संपली की दुसऱ्याने त्यांच्या आवाजात आवाज मिळवायचा आणि मगच पहिल्याने बाहेर पडायचं. आमच्या महिला मंडळाला नेहमी दुपारची वेळ, दोन ते पाच. ही वेळ कोणालाच नको असते. ऐकायला दोन म्हाताऱ्या आणि खांबाला टेकून झोपलेला एखादा मुंबईकर.

सप्ताहाच्या आदल्या दिवशी भावोजी गिरणीत आले. हातात काही काम नव्हतं, तरी चक्कीचा पट्टा बघितल्यासारखं केलं. मग म्हणाले, "वयनी, कोणी विचारल्यान तर चाल माझ्याकडची म्हणान सांगा हां. तितक्याच."

ते असं का म्हणाले, हे मला नीट माहीत होतं. गावी आल्यापासून त्यांना पुरुषांच्या भजन मंडळात बसायचं होतं. एकदा जाऊन विचारलंही होतं. काहीही वाजवीन म्हणाले, झांज द्या, चालेल. तिथल्या एकाने, "देवळात गिटार? उद्या ड्रम घेवन येशीत," असं म्हटलं आणि सगळे हसले. भावोजी परत आले आणि नंतर कधी गेले नाहीत. संध्याकाळी मंडळाचा सराव सुरू झाला की ते पडवीतला दिवा न लावता बसत. वाडीत त्यांची ओळख म्हणजे गुडघा गेलेला, लग्न न झालेला, टँव टँव करणारा. चार माणसांत कोणीतरी एकदा म्हणायला हवं होतं की याला ठेका कळतो. मी म्हटलं, "सांगतंय तर. ह्यां काय सांगूक होया?"

दुसऱ्या दिवशी दोन वाजता आम्ही सुरू केलं. पहिला तासभर नेहमीच्या चाली. मग मी ती काढली. पाच मिनिटांत झोपलेला मुंबईकर उठून बसला. अर्ध्या तासात सभामंडपात तरुण पोरंपोरी यायला लागली, हसत, मोबाईल वर धरून. कोणी टाळ्या धरल्या, कोणी आमच्यामागे फेर धरला. आमच्या बायकांच्या अंगात वारं शिरलं. साठी उलटलेली एक मागून ओरडत होती, "वाडव गो, वाडव." मी वाढवली. खांबापाशी भावोजी उभे होते आणि त्या रिकाम्या जागेवर त्यांची टाच पडत होती. मी फिरत फिरत त्यांच्यासमोरून गेले तेव्हा मला ती ऐकू आली.

पाच वाजता पुरुषांनी नाम उचललं आणि आम्ही बाहेर पडलो. देवळाच्या बाजूच्या पडवीत चहा आणि काळ्या वाटाण्यांची उसळ होती. पुरुषांच्या मंडळाचे मोठे बुवा तिथे बसले होते. आवाज बसल्याने ते फेरात गेले नव्हते. आमच्या भागात भजनातला शेवटचा शब्द त्यांचा. त्यांनी मला हाक मारली.

"गो, चाल कोणाची?"

हा प्रश्न आमच्यात नेहमी विचारतात आणि त्याचं उत्तर द्यायची रीतही आहे. कानाला हात लावायचा आणि ज्याच्याकडून घेतली त्याचं नाव सांगायचं. सिनेमाच्या गाण्यावरून घेतली असेल तर तसं सांगायचं, त्यात कमीपणा नसतो. नाव घेतलं की चाल तुमची झाली. न घेता वापरली तर चोरली.

मी कानाला हात लावला नाही. म्हणाले, "सुचली अशीच. डंख चालवताना. दांडो वर जावन थांबता ना, थंयसून."

म्हणजे चाल तर घेतलीच, वर त्यांचं डंखाचं बोलणंही घेतलं.

भावोजी पाण्याच्या पिंपापाशी होते, दहा पावलांवर. त्यांनी पेला धुतला, उपडा ठेवला आणि घरी निघून गेले. चिखलात गुडघा सांभाळत जाताना मी त्यांची पाठ बघितली. मोठे बुवा फक्त "बरां" म्हणाले आणि उसळीकडे वळले.

तेव्हा मी स्वतःला काय काय सांगितलं ते आठवतं. देवळात इंग्रजी गाण्याची चाल म्हटल्यावर कोणीतरी वाद घातला असता. टँव टँववाल्याचं नाव घेतलं असतं तर सगळे हसले असते आणि बायकांच्या मेहनतीचं हसं झालं असतं. ही दोन्ही कारणं मी बरेच दिवस वापरली. खरं कारण एवढंच की तीस वर्षं दुपारच्या वेळेला गाऊन पहिल्यांदा मंडप भरला होता, मोठ्या बुवांनी पहिल्यांदा हाक मारली होती, आणि त्या भरलेल्या मंडपातला वाटा मला कोणाला द्यायचा नव्हता.

चार दिवसांनी पुण्याहून मुलीचा फोन आला. ती आधी नुसतीच हसत होती.

"आई, तू व्हायरल झालीस."

"म्हणजे काय?"

"सप्ताहाचा व्हिडिओ. आणि शेवटी चहाचा पण आहे. चाल तुला सुचली? डंख चालवताना?" तिचं हसू थांबेना. "अगं, गिटार विकत घेणारा प्रत्येक माणूस पहिल्या दिवशी हेच वाजवतो. जगात सगळ्यांना माहितीये हे. काकांनी तुला सांगितलं नाही?"

मला खरंच माहीत नव्हतं. मला तो तुकडा आमच्या पडवीतला वाटत होता. चाळीतल्या कुठल्या मित्राने शिकवलेला, आमच्या वाडीबाहेर कोणी न ऐकलेला. पोरं मंडपात आली ती ओळखीचं ऐकून आली होती, आणि हसत होती ती त्याच कारणाने. चोरी करायची तर निदान लपेल अशी वस्तू उचलावी. मी देवळाची घंटा पदराखाली घेऊन निघाले होते.

लाज वाटली, पण ती अजून स्वतःपुरती होती. खरी लाज त्या रात्री जेवताना वाटली. नवरा पानावर बसून सहज म्हणाला, "आज एस्टीच्या स्टँडवर पोरां तुझो व्हिडिओ बघी होती. भावाक विचारल्यानी, काका, ती चाल तुमचीच मां?"

"मगे?"

"मगे काय. 'वयनीक सुचली म्हणजे सुचली, तुमका कित्याक?' म्हणालो तो. मी थंयच होतंय."

भावोजी तेव्हा जेवून, आपलं ताट धुऊन गेले होते.

त्यानंतर त्यांनी गिटार वाजवली नाही. एका जुन्या चादरीत गुंडाळून कपाटाच्या मागे उभी केली. बोलणं-चालणं नेहमीसारखं. डंखाला तेल घालायचे, वीजबिल भरून यायचे. जेवणाआधीचा तो अर्धा तास मात्र गप्प झाला. मी भाकरी थापताना थांबायचे आणि का थांबले ते मला कळायचं. माफी मागायला माझी जीभ वळेना. त्याऐवजी मी खापरोळ्या केल्या. एरवी वर्षातून एकदा करते, त्या भाद्रपदात तीनदा केल्या, नारळाच्या दाट, गोड रसासकट. ते खायचे आणि "बऱ्यो झाल्यो" म्हणायचे. माझ्याकडून खापरोळ्या घेतल्या, पण बदल्यात मला हवं होतं ते दिलं नाही, आणि द्यायचं तरी का.

फाल्गुनात मी मोठ्या बुवांकडे गेले. कुळथाचं पीठ द्यायचं निमित्त होतं. ते घरापुढच्या खळ्यात सुपाऱ्या सोलत बसले होते. मी उभ्या उभ्याच सांगून टाकलं, की ती चाल माझी नव्हती, दिरांकडची होती.

"माका तेवाच ठावक होता गो," ते म्हणाले. "आमच्या घरात पण मोबाईल आसत."

"मगे माका विचारलास कित्याक?"

"तू तेचा नाव घेशीत म्हणान." त्यांनी सुपारी टोपलीत टाकली. "आमचो तबलजी तेवा गोव्याक गेलेलो. ठेको समाजणारो माणूस होयो होतो. मी तेची टाच बघितलंय खांबाकडे. पण आधी पोरांनी तेका हसान घालवलेलो. परत आणूचो तर चार माणसांत कोणीतरी नाव घेवक होया होता. तू घेतलं असतंस तर मी थंयच तेका हाक मारी होतंय. तू म्हणालस तुझी. मगे मी काय तुका खोटी पाडू?"

"आता आणा तेंका."

"आता खालच्या वाडीचो एक तबल्याक इलो. सा महिने वाजवता. तेका काय सांगू, उठ?"

बुवांनी पिठाची पिशवी उचलून बघितली आणि म्हणाले, "पीठ बारीक दळतस हां तू. हात बरो बसलेलो आसा."

घरी परत येताना मी ठरवलं की उपयोग असो नसो, जिथे खोटं बोलले तिथे खरं सांगायचं. श्रावण यायला पाच महिने होते. मधल्या दिवसांत पडवीत बसून भावोजींना सांगता आलं असतं. नाही सांगितलं.

यंदाच्या सप्ताहात दोन वाजता सभामंडपात दोन म्हाताऱ्या होत्या आणि एकीचा डोळा लागला होता. नाम चालू असताना मधे बोलता येत नाही, म्हणून आत शिरायच्या आधीच मी पायरीवर उभी राहून, कानाला हात लावून सांगितलं, की गेल्या वर्षीची चाल माझ्या धाकट्या दिरांकडची. जागी असलेली म्हातारी म्हणाली, "बरां, बरां, आत ये, भिजशीत." पाच वाजता चहाच्या वेळी माणसं जमली तेव्हा मी पुन्हा सांगितलं. कपातला चहा निवत होता. एकजण म्हणाला, "ठावक आसा गो सगळ्यांका. चाय घे." दोघंतिघं हसली, तीही सवयीने. खोटं व्हिडिओतून साऱ्या गावाने ऐकलं होतं. खऱ्याला गिऱ्हाईक नव्हतं.

भावोजी मात्र त्या दिवशी चारच्या सुमाराला आले होते. खांबापाशी थांबले नाहीत. कोपऱ्यात ठेवलेल्या झांजांच्या ढिगातून त्यांनी एक जोड उचलली आणि आमच्या बायकांच्या मागे भिंतीला टेकून बसले. आम्ही तेव्हा तीच चाल घेतली होती. ते अगदी हळू वाजवत होते. माझं सगळं लक्ष त्या झांजेकडे, आणि मी फिरत होते.

संध्याकाळी घरी भावोजींना जेवायला वाढलं. नवरा अजून देवळातच होता. मी पाट ओढून त्यांच्यासमोर बसले. असं मी कधी बसत नाही.

"भावोजी, गेल्या वर्षी चायच्या वेळेक मी..."

"वायच धावलास आज, वयनी," ते म्हणाले.

"काय?"

"चाल. धावलास. गेल्या वर्षी पण धावललास. थंय जागा सोडूची असता, तुमी सोडनास नाय. टाळी मारून भरून टाकतास."

"खंय?"

त्यांनी हात धुतला, पंच्याला पुसला आणि बोटांनी पाटावर तो तुकडा वाजवायला लागले. वर्षभरात पहिल्यांदा. पाच-सहा ठोके, मग हात वर गेला आणि वरच थांबला. ते माझ्याकडे बघत होते. मीही पाटावर बोट ठेवलं होतं, त्यांच्याबरोबर धरायला.

माझं बोट आधीच पडलं होतं.

"परत," ते म्हणाले आणि पहिल्यापासून सुरू केलं.